बेळगावात गॅरेज बँड कसा उभा करायचा आणि कसा टिकवायचा: अथेन्सच्या पोरांकडून शिकलेलं

उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, आमच्या शेडवर वर्षाकाठी तीन-चार तरी पोरं येतात आणि सगळी एकच विचारतात, "काका, गिटार कुठली घेऊ?" मी चहा सांगतो आणि उलट विचारतो, "वाजवणार कुठं?" बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. घरात आजी झोपलेली असते, शेजारी बारावीची परीक्षा असते, गच्चीवर घरमालक चढू देत नाही. नवी कोरी गिटार मग दोन महिन्यांत कपाटावर जाते. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून काढतो आहे. गिटारचा नंबर बराच खाली आहे.

मी टर्नर, लेथवर काम करणारा. सहा दिवस क्रँकशाफ्टची जॉबवर्कं करतो, रविवारी दुपारी त्याच शेडमध्ये बास, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार, वाजवतो. आमचा बँड १९९९ मध्ये सुरू झाला, मधे पाच वर्षं बंद होता, आता पुन्हा चालू आहे. हे सगळं ज्या बँडकडं बघून केलं तो बेळगावचा नाही, मुंबईचा नाही, अमेरिकेचाही नाही. तो ग्रीसमधल्या अथेन्सचा. नाव 'द लास्ट ड्राइव्ह'.

माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत होता. १९९६ च्या मे महिन्यात तो खानापूरला सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेत पिरियस बंदरात घेतलेली एक कॅसेट होती. पिरियस म्हणजे अथेन्सचं बंदर. कॅसेट होती 'अंडरवर्ल्ड शेकडाउन', त्या बँडचा १९८६ सालचा पहिला अल्बम. मी तेव्हा आयटीआयला होतो. रॉक म्हणजे लांबलचक सोलो (एकट्या वाद्यानं वाजवलेले तुकडे) आणि धुरात उभे असलेले लांब केसांचे लोक, असं माझ्या डोक्यात होतं. या कॅसेटवर छोटी छोटी गाणी होती, गिटारचा आवाज करवतीसारखा खरखरीत होता आणि सगळे एकाच खोलीत एकमेकांना धडकून वाजवतायत असं वाटत होतं. मला पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला येईल. सहज येईल असं नाही, पण कष्टानं येईल.

गॅरेज म्हटलं की आपल्याला आठवते स्कूटर दुरुस्तीची जागा. या संगीतातलं गॅरेज म्हणजे अमेरिकेतल्या घराशेजारची गाडी ठेवायची खोली. १९६० च्या दशकात तिथली शाळा-कॉलेजातली पोरं गाडी बाहेर काढून त्या खोलीत वाजवायची. पोर्टलंडच्या 'द किंग्जमेन' या बँडनं १९६३ मध्ये 'लुई लुई' एकाच बैठकीत रेकॉर्ड केलं. त्यात सोलोनंतर गायक ठरल्यापेक्षा आधी सुरू होतो, थांबतो, पुन्हा उचलतो. ती चूक तशीच छापली गेली आणि गाणं जगभर गेलं. पुढं १९७२ मध्ये गिटारवादक लेनी के यांनी अशा विसरलेल्या गाण्यांचा 'नगेट्स' नावाचा दुहेरी संग्रह काढला आणि नव्या पिढीच्या पोरांना जुना खजिना सापडला. १९८० च्या दशकात देशोदेशी पोरांनी ही तऱ्हा पुन्हा उचलली. अथेन्समध्ये १९८३ साली 'द लास्ट ड्राइव्ह' जमला तो याच लाटेत.

तिथलं १९६७ साल मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी १७ एप्रिलला इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स बँडचे लोक अथेन्सच्या पानाथिनाइकोस स्टेडियममध्ये वाजवून गेले आणि चारच दिवसांनी, २१ एप्रिलला, लष्करानं सत्ता घेतली. ती राजवट १९७४ पर्यंत टिकली. म्हणजे लास्ट ड्राइव्ह जमला तेव्हा लोकशाही परत येऊन नऊच वर्षं झाली होती. रॉकचं मोठं शहर म्हणून कुणी अथेन्सचं नाव घेत नव्हतं. तरी त्या पोरांनी आपल्या गावातच सुरुवात केली. आपण लहान गावात राहतो, इथं काय होणार, असं बोलणाऱ्या पोरांना मी ही तारीखवार गोष्ट सांगतो.

आधी जागा

जागा शोधताना तीन गोष्टी बघा: कुणाची झोप मोडत नाही ना, वीज नीट आहे ना, आणि किल्ली तुमच्यातल्या एकाकडं राहील ना. तिसरी गोष्ट पोरं विसरतात. दर वेळी कुणाच्या तरी पाया पडून दार उघडून घ्यावं लागलं तर बँड चार महिन्यांत थकतो.

टिळकवाडी, शहापूर, वडगाव असल्या वस्तीत घरात वाजवायचं असेल तर ड्रम विसरा. आपल्याकडं २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. औद्योगिक भागात ती दिवसा ७५ आणि रात्री ७० आहे. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे रात्र. ड्रमचा एक फटका बंद खोलीत शंभरच्या पुढं जातो. म्हणून उद्यमबागेसारख्या भागातली, रविवारी मशीन बंद असलेली शेड मिळाली तर सोनं. गावाकडं असाल तर मळ्यातलं कोठार, तंबाखूची जुनी वखार, काहीही. निपाणीकडच्या पोरांना तर वखारींची कमी नाही.

पत्र्याची शेड फार घुमते. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला सगळीकडं मिळेल, तो ऐकू नका. त्या ट्रेमुळं वरच्या पट्टीतला आवाज जरा मरतो, ढोलाचा दणका तसाच बाहेर जातो, आणि ते पेटतात पटकन. त्याऐवजी वाकळा गोळा करा. माझ्या आईनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या सहा वाकळा आम्ही भिंतीपासून वीतभर अंतर सोडून तारेवर टांगल्या आहेत. मधली हवा कामाची असते. भिंतीला चिकटवली तर तीच वाकळ अर्धंच काम करते. ड्रमखाली जुनं जाजम, त्याखाली पोत्यांची जाड घडी. दाराच्या फटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. एवढं केलं की शेजारच्या शेडचा राखणदार झोपू शकतो. तो झोपतो की नाही हे त्याला स्वतः जाऊन विचारा, दर महिन्याला विचारा.

पावसाळ्याचा विचार आत्ताच करा. बेळगावचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की गायकाचा आवाज गायकालाच ऐकू येत नाही. जून ते ऑगस्ट आम्ही नवीन गाणं बसवत नाही. ते तीन महिने बिनआवाजाची कामं करतो: शब्द लिहिणं, वायरी सांधणं, जुन्या रेकॉर्डिंगा ऐकणं. तारा गंजतात, म्हणून वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्यानं वरून आणि खालून पुसायची.

वीज: यात घाई नको

हा भाग मी सगळ्यात जीव तोडून सांगतो. एका गावातल्या मंगल कार्यालयात आमच्या गायकाच्या ओठाला माइकचा शॉक बसला. हातात गिटार होती, गिटार एका बोर्डवर, माइक दुसऱ्या बोर्डवर, आणि एका बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. तो मागं पडला. वाचला, पण पंधरा दिवस माइकजवळ जायचा नाही. त्या दिवसापासून माझ्या खिशात व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर असतो.

वाजवायच्या आधी तपासायचं असं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास हवेत. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायरमनला बोलवा, तोवर काही जोडू नका. मग सगळे अँप्लिफायर आणि मिक्सर एकाच बोर्डवरून काढलेल्या एकाच जाड एक्स्टेन्शनवर घ्या. दोन वेगळ्या बोर्डांवरून घेतलं तर "हूंऽऽ" असा आवाज येतो आणि वर सांगितला तसा धोकाही राहतो. तो आवाज घालवायला कुणी प्लगची तिसरी पिन काढतो म्हणाला तर त्याचा हात धरा. शेजारी वेल्डिंग चालू असेल किंवा लेथला वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवलेला असेल तर गिटारमध्ये किरकिर येणारच. तेवढा वेळ थांबायचं, चहा प्यायचा.

मग वाद्यं

आता गिटार. दोन पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडणारं चुंबक) कुठलीही, मान सरळ असलेली, वापरलेली चालेल. मान बघायची असेल तर पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर तार दाबून मधे किती फट राहते ते बघा. पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढी ठीक. बास, एक ड्रमसेट (पायानं वाजवायचा ढोल, स्नेअर म्हणजे तडतडणारा छोटा ड्रम, एक टॉम म्हणजे साधा छोटा ड्रम, दोन झांजा पुरतात), एक माइक. गायकासाठी आम्ही मांडववाल्याकडून जुना आहुजाचा अँप्लिफायर घेतला आणि कर्ण्याऐवजी पेटी स्पीकर घेतला. कर्ण्यातून शब्द कळतात, पण अर्ध्या तासात कान फाटतात.

गॅरेजच्या गिटारची ती खरखर, तिला फझ म्हणतात. ती विकत घेण्यापेक्षा बनवा. १९६६ सालच्या 'फझ फेस' या पेडलचं सर्किट म्हणजे दोन ट्रान्झिस्टर, तीन कपॅसिटर, चार रेझिस्टर, दोन पॉट आणि ९ व्होल्टची बॅटरी. रेडिओ दुरुस्तीचं काम येणारा माणूस हे एका दुपारी सांधून देतो. खडेबाजारात हिंडलात तर सगळे सुटे भाग मिळतात. मी डबी म्हणून अॅल्युमिनियमचा जेवणाचा जुना डबा वापरला, धातूचा असल्यानं बाहेरची किरकिर अडते. गंमत अशी की या आवाजाचा जन्मच बिघाडातून झाला. अमेरिकेत १९६० च्या सुमारास एका रेकॉर्डिंगला मिक्सरचा एक चॅनेल खराब होता, त्यातून बास गिटार फाटून आली आणि लोकांना ती आवडली. १९६२ मध्ये तसा आवाज काढणारी पेटी बाजारात आली.

सूर: इथं आपण अथेन्सच्या जवळ आहोत

गॅरेजची बहुतेक गाणी तीन कॉर्डांवर चालतात. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर. ए, डी आणि ई. आपल्या भाषेत सा, म आणि प या तीन ठिकाणांवर उभे राहिलेले कॉर्ड. एवढं आलं की निम्मी गाणी आली. पहिले सहा महिने दुसऱ्यांची गाणी वाजवा, पण एक गाणं चार रविवार. पाचव्या रविवारी ते न थांबता सुरुवातीपासून शेवटपर्यंत जायला हवं. चुकलं तरी थांबायचं नाही, पुढच्या मात्रेला धरायचं. थांबायची सवय लागली की ती स्टेजवरही येते.

आता जे सांगतो ते मला कुठल्या व्हिडिओत मिळालं नाही, आमच्या पेटीवाल्या ताईंकडून मिळालं. बेळगाव म्हणजे पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या पेटीचं गाव, आणि कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून हाकेवर. इथं गल्लीत कुणी ना कुणी पेटी शिकलेलं सापडतं. ताई बँकेत नोकरी करायच्या, आमच्या ड्रमरच्या थोरल्या बहीण. भावाला डबा द्यायला एकदा शेडवर आल्या. आम्ही 'मिसिर्लू' वाजवत होतो. ही जुनी चाल पूर्व भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरची, ग्रीक लोकांनी आपली म्हणून सांभाळलेली. गायक तेतोस दिमित्रियादिस यांनी ती १९२७ मध्ये रेकॉर्ड केली. १९६२ मध्ये गिटारवादक डिक डेल यांनी अमेरिकेत ती विजेच्या गिटारवर सुसाट वाजवली आणि जगभरच्या गॅरेजवाल्या पोरांच्या हातात गेली. ताई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय करूलास गा तुम्ही? हे भैरवाचे सूर की!"

मी वहीत लिहून बघितलं. सा, कोमल रे, ग, म, प, कोमल ध, नी. ई पासून धरलं तर ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी शार्प. एक सूर इकडं-तिकडं नाही. ताईंनी लगेच सावधही केलं. सूर तेच म्हणून राग तोच होत नाही, भैरवात रे आणि ध वर जे आंदोलन, म्हणजे सुराचा हेलकावा, आहे, तो संथपणा, ते या धावत्या चालीत कुठं आहे? बरोबर आहे. पण पेटी शिकलेल्या आपल्या माणसाला ही चाल अनोळखी नाही, हे खरं. हा सूरमेळ आपल्या कानात भजनातून, पहाटेच्या रेडिओतून आधीच बसलेला आहे.

याचा उपयोग असा करा. ई मेजर वाजवा: त्यात सा, ग, प. हात एक पट्टी वर सरकवा, एफ मेजर: त्यात कोमल रे, म, कोमल ध. दोन्ही कॉर्ड पूर्ण भैरवाच्या सुरांत. ए मायनर घेतला तर म, कोमल ध आणि वरचा सा. या तीन कॉर्डांवर तुमचं स्वतःचं पहिलं गाणं होऊ शकतं आणि ते कुणाची नक्कल वाटणार नाही. आमचं झालं.

ताई त्या दिवसापासून बँडमध्ये आहेत. १९६० च्या दशकात गॅरेज बँड व्हॉक्स आणि फारफिसा या कंपन्यांचे छोटे ऑर्गन वापरायचे, त्यांचा आवाज पातळ आणि टोचरा असायचा. पेटी त्याच्या अगदी जवळ जाते. पेटीच्या आत, सुरांच्या पट्टीजवळच्या लाकडाला एक पिझो चकती (लाकडाचा कंप पकडून त्याची वीज करणारी) डिंकपट्टीनं लावा, भात्यापासून लांब, नाहीतर भात्याचा श्वास ऐकू येतो. चकतीची वायर थेट मिक्सरला दिली तर आवाज चिरका येतो, मधे चकती आणि मिक्सर यांचं जुळवून देणारी बफरची छोटी डबी लागते, तीही फझ बनवणाराच बनवून देईल. पेटीचे सूर गिटारसारखे जागच्या जागी चढवता-उतरवता येत नाहीत, म्हणून सगळ्यांनी पेटीला मिळवून घ्यायचं, पेटीनं कुणाला नाही.

कुठल्या भाषेत गायचं

हा प्रश्न आपल्या भागात जपून विचारावा लागतो. १९५६ पासून आपल्याकडं भाषा म्हणजे घरातली जखम आहे, आणि मी मराठी शाळेत शिकलेला, मराठीत स्वप्न बघणारा माणूस आहे. तरी मत सांगतो.

लास्ट ड्राइव्हनं इंग्रजीत गायलं. ज्यांचं संगीत त्यांची भाषा, असा त्यांचा रस्ता. त्याच १९८३ मध्ये ग्रीसमधल्याच थेसालोनिकीत 'त्रिपेस' नावाचा बँड सुरू झाला, त्यानं ग्रीकमध्ये गायलं. दोघांनाही लोकांनी डोक्यावर घेतलं. म्हणजे एकच रस्ता बरोबर असं नाही. मी दोन्ही करून बघितले. आमची पहिली चार गाणी इंग्रजीत होती. शब्दकोश उघडून लिहिलेली. कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरली. मग गायकानं एक गाणं आपल्या बोलीत लिहिलं, बसस्टँडवर उभं राहून मित्राला पुण्याला पाठवतानाचं. "जाऊलोय" हा शब्द त्यात चार वेळा येतो. ज्यांची पोरं पुण्याला गेलीत अशा बायका त्या गाण्याला रडल्या. ड्रमर कानडी घरातला, त्यानं दोन गाणी कन्नडमध्ये लिहिली. एक सौंदत्तीच्या जत्रेच्या वाटेवरचं. ते मी बासवर वाजवतो तेव्हा शब्द शब्द कळत नाही, पण कुठं श्वास घ्यायचा ते कळतं.

माझं सांगणं एवढंच: ज्या भाषेत तुम्ही घरात भांडता, त्या भाषेत लिहा. ती तुमच्या तोंडात बसलेली असते, तालाला वाकते. आणि बँडमध्ये दोन घरच्या भाषा असतील तर दोन्ही येऊ द्या.

रेकॉर्डिंग लवकर करा

इथं माझी चूक सांगतो. आम्ही चांगलं वाजवायला यायची वाट बघत बसलो. पहिली सहा वर्षं एकही गाणं रेकॉर्ड केलं नाही. तेव्हाचा आमचा पहिला गिटारवाला नंतर परदेशी गेला, आणि त्याच्या हाताचा आवाज आता कुठंच नाही. त्याच्या आईनं एकदा विचारलं, "तो वाजवायचा ते काही आहे का तुमच्याकडं?" माझ्याकडं द्यायला काही नव्हतं.

लास्ट ड्राइव्हचा हिशोब बघा: १९८३ ला सुरुवात, १९८६ ला 'अंडरवर्ल्ड शेकडाउन', १९८८ ला 'हीटवेव्ह', १९९० ला 'ब्लड निर्वाणा'. दर दोन-तीन वर्षांनी एक. पहिला अल्बम काढला 'हिच-हाइक' या ग्रीसमधल्याच छोट्या स्वतंत्र कंपनीनं. परदेशी मोठ्या कंपनीची वाट बघत ते बसले नाहीत. तोच अल्बम खलाशाच्या बॅगेतून खानापूरला आला. तुमचं रेकॉर्डिंग कुठं पोचेल हे तुम्हाला कधीच कळणार नाही, म्हणून ते असलं पाहिजे.

करायचं असं. सगळे एकत्र, एकाच वेळी वाजवा. वेगवेगळं वाजवून नंतर जोडायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. एक माइक ड्रमच्या समोर, छातीएवढ्या उंचीवर, सहा फुटांवर. दुसरा गायकाला. गिटारचा अँप्लिफायर ड्रमच्या माइककडं तोंड करून, पण लांब. आधी तीस सेकंद वाजवून ऐका. गिटार जास्त वाटली तर अँप्लिफायर मागं सरकवा, बटणाला हात लावू नका. आवाजाचा समतोल खोलीत साधायचा, नंतर कॉम्प्युटरवर नाही. माइक नसले तर फोन चालतो, तो शेडच्या मध्यावर स्टुलावर, फडक्यावर ठेवायचा. तीन वेळा वाजवा आणि बहुतेक वेळा दुसरं घ्या. पहिल्यात भीती असते, तिसऱ्यात कंटाळा. वर तारीख, वाजवणाऱ्यांची नावं आणि जागा बोलून ठेवा. फाइल दोन ठिकाणी ठेवा.

वाजवायला बाहेर

गणपतीत मिरवणुकीच्या डीजेशी स्पर्धा करू नका. मंडळाच्या कार्यक्रमात मधल्या एखाद्या दिवशी, आरतीनंतर अर्धा तास मागा. अर्ध्या तासात आठ गाणी होतात, तेवढी पुरतात. परवानगी मंडळाच्या नावावर असली तरी लाउडस्पीकरची वेळ स्वतः वाचून घ्या. कॅम्पातल्या (लष्करी छावणीच्या भागातल्या) नाताळच्या कार्यक्रमांत मंडळी कौतुकानं ऐकतात. कॉलेजच्या गॅदरिंगला मुलं नाचतात, ऐकत नाहीत, तेही चांगलं.

आपल्या गावाचं एक भाग्य म्हणजे आपण राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहोत. एका बाजूला संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला धारवाड, हुबळी, आणि चोर्ला घाटातून उतरलं की गोवा. सगळं सकाळी निघून रात्री परत यायच्या अंतरावर. सामान छोटा हत्तीमध्ये बसतं: आधी स्पीकर, मग ड्रमच्या पिशव्या, वर वाकळा, पेटी मात्र कुणाच्या तरी मांडीवर. भाड्याचे पैसे आधी काढून ठेवा, उरले तर वाटा. आम्ही दर महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये डब्यात टाकतो आणि वही ताई ठेवतात. त्या वहीमुळं पंचवीस वर्षांत पैशावरून आवाज चढला नाही.

एका ठिकाणी आम्हाला बोलावलं आणि पोचल्यावर कार्यक्रम रद्द म्हणून सांगितलं. गाडीभाडं गेलं. परत येताना निपाणीच्या अलीकडं एका ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत, ढाबेवाल्याला विचारून, वीज न घेता, नुसत्या पेटी-ढोलकीवर आम्ही सगळी गाणी म्हटली. ट्रकचे चालक खाटेवर बसून ऐकत होते. तेव्हापासून प्रत्येक गाणं बिनविजेचंही बसवून ठेवतो. तुम्हीही ठेवा.

थांबायचं कसं

थांबायची वेळ येतेच. नोकरी, लग्न, आजारपण, बदली. लास्ट ड्राइव्हही १९९० च्या दशकाच्या मध्यावर थांबला. माझ्या हातात त्यांची कॅसेट आली तेव्हा ते थांबलेले होते, आणि मला ते ठाऊक नव्हतं. ज्यांना मी जिवंत बँड समजून रोज ऐकत होतो तो बँड नव्हताच. पुढं ते पुन्हा एकत्र आले आणि २००९ मध्ये 'हेवी लिक्विड' हा नवा अल्बम काढला. ही बातमी मला मामेभावानं फोनवर सांगितली तेव्हा मी लेथ बंद करून बाहेर येऊन उभा राहिलो होतो.

२०११ ला आमचा ड्रमर पुण्याला गेला, माझे वडील अंथरुणाला खिळले, गायकाचं दुकान बुडत होतं. आम्ही शेवटच्या रविवारी बसून तीन गोष्टी ठरवल्या. कुणीही दुसऱ्याला दोष द्यायचा नाही. वाद्यं विकायची नाहीत. आणि नाव दुसऱ्या कुठल्या बँडला लावायचं नाही. हे तोंडी नको, वहीत लिहा आणि सगळ्यांनी सही करा. सही केलेली असली की मधल्या वर्षांत फोन करायला संकोच वाटत नाही.

वाद्यं ठेवायची रीत: गिटार-बासच्या तारा पूर्ण काढू नका, दोन-दोन सूर उतरवून सैल ठेवा म्हणजे मान वाकत नाही. ड्रमची कातडी सैल करा, खिळ्यांना वंगणाचा हात फिरवा. फझच्या डबीतली बॅटरी काढा, नाहीतर ती फुटून सगळं सर्किट खाते. पेटी भाता बांधून, कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी दहा मिनिटं वाजवायचीच. आमची पेटी पाच वर्षं ताईंच्या घरी रोज वाजत होती. वाकळा आई धुवायची आणि पुन्हा टांगायची. बँड बंद आहे हे तिला माहीत होतं.

२०१६ च्या दिवाळीत ड्रमर सुट्टीवर आला आणि न सांगता शेडवर उभा राहिला. पुन्हा सुरू करायचं असेल तर पहिल्या दिवशी नवं काही करू नका, किती वर्षं झाली याची चर्चाही करू नका. तारा ताणा, अर्थिंग तपासा, पेटीचा सा घ्या आणि सगळ्यांना येतं ते सगळ्यात सोपं गाणं तीनदा वाजवा. आम्ही ए, डी, ई वाजवलं. दुसऱ्या वेळेला ड्रमरनं मधला तुकडा पूर्वीसारखाच अर्धी मात्रा आधी उचलला, आणि आम्ही चौघंही न बोलता त्याच्याबरोबर आधी गेलो.